अमेरिकेतील जलप्रदूषणाचे खटले आणि शेताचा निचरा

नदीचे पाणी नासले आहे हे सर्वांना दिसते; ते कोणी नासविले हे न्यायालयात सिद्ध करणे मात्र फार कठीण असते. नदीकाठी दहा कारखाने, दोन शहरे आणि शेकडो शेते असली म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो, आणि सर्वांचेच म्हणणे थोडेबहुत खरे असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा अनुभव पुरेपूर येऊन गेला. तेथे केंद्र सरकारने १९४८ साली जलप्रदूषणाचा कायदा केला. परंतु पुढील दोन दशकांहून अधिक काळात त्या कायद्याखाली न्यायालयापर्यंत पोहोचलेला खटला अवघा एक होता. कायदा होता, अधिकारी होते, परिषदाही भरत होत्या. तथापि आधी नदी बिघडल्याचे दाखवावयाचे आणि मग त्या बिघाडापासून मागे मागे जात अपराधी शोधावयाचा, अशी त्या कायद्याची रीत होती. आणि या रीतीने अपराधी सापडत नसे.

१९६९ च्या जून महिन्यात ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरी कायहोगा नदीवरील तेलकट मळीने पेट घेतला. आग अर्ध्या तासाच्या आत विझली आणि नुकसानही पन्नास हजार डॉलरांच्या आसपासच झाले. त्या नदीला पूर्वीही अनेकदा आग लागली होती. १९५२ ची आग तर हिच्याहून पुष्कळच मोठी होती. परंतु जी गोष्ट १९५२ साली लोकांनी मुकाट्याने सोसली ती १९६९ साली त्यांना सोसवली नाही. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने जुना कायदा मुळापासून बदलला. खर्च फार होईल या कारणास्तव राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तो नाकारला; दुसऱ्याच दिवशी, १८ ऑक्टोबर रोजी, सेनेटने ५२ विरुद्ध १२ आणि प्रतिनिधिगृहाने २४७ विरुद्ध २३ मतांनी तो नकार रद्द ठरविला. आज 'स्वच्छ जल कायदा' या नावाने ओळखला जातो तो हाच.

या कायद्याने दृष्टीची जागा बदलली. अधिकाऱ्याने नदीच्या पात्राकडे पाहण्याऐवजी नळाच्या तोंडाकडे पाहावे, असे ठरले. कोणत्याही ठरावीक मुखातून परवान्याशिवाय प्रदूषक द्रव्य नदीनाल्यात सोडणे हेच बेकायदा ठरले. त्यापासून मासे मेले की नाही, कोणी आजारी पडले की नाही, हे सिद्ध करण्याचे कारण उरले नाही. परवान्यात प्रत्येक द्रव्याची मर्यादा आकड्यांनी लिहिलेली असते. पाण्याचे नमुने घेण्याचे आणि त्यांच्या पृथक्करणाचे अहवाल ठरलेल्या मुदतीत सरकारास पाठविण्याचे काम परवानाधारकानेच करावयाचे असते. त्या अहवालावर त्याच्या जबाबदार माणसाची सही लागते, त्यात जाणूनबुजून खोटे लिहिणे हा फौजदारी गुन्हा आहे, आणि तो अहवाल कोणाही नागरिकास पाहता येतो. खटला उभा राहतो तेव्हा वादीला बाहेरचा साक्षीदार फारसा शोधावा लागत नाही. प्रतिवादीच्याच सहीचा कागद न्यायाधीशापुढे असतो.

या कायद्याची चर्चा होते तेव्हा लोक दंडाच्या रकमा सांगतात. त्या मोठ्या आहेत यात शंका नाही. महागाईनुसार वाढत जाऊन आज प्रत्येक उल्लंघनामागे दर दिवसाचा कमाल दिवाणी दंड साठ हजार डॉलरांच्या वर गेला आहे. परंतु आकड्याची नोंद आणि ती पाहण्याचा सर्वांना असलेला हक्क या दोन गोष्टी काढून घेतल्या, तर दंडाची रक्कम दसपट केली तरी कायदा १९४८ च्या जागी परत जाईल.

दुसरी महत्त्वाची तरतूद नागरिकांच्या फिर्यादीची आहे. सरकारने हातपाय हलविले नाहीत तर ज्याला झळ पोहोचते असा कोणीही नागरिक प्रदूषण करणाऱ्याला, केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेला आणि राज्य सरकारला साठ दिवसांची नोटीस देऊन स्वतः न्यायालयात जाऊ शकतो. त्या मुदतीत सरकारनेच नेटाने खटला सुरू केला तर नागरिकाची फिर्याद थांबते. दंड होतो तो सरकारी खजिन्यात जमा होतो. वादीस वकिलाचा खर्च मिळू शकतो, नफा मिळत नाही. महाराष्ट्रातील वाचकांना ही साठ दिवसांची मुदत परकी वाटू नये. भारताच्या १९७४ च्या जलप्रदूषण अधिनियमात प्रारंभी मंडळाच्या तक्रारीवरून किंवा त्याच्या लेखी पूर्वसंमतीनेच न्यायालय गुन्ह्याची दखल घेऊ शकत असे. १९८८ च्या दुरुस्तीने साठ दिवसांची नोटीस देणाऱ्या कोणाही व्यक्तीला तक्रारीचा हक्क मिळाला, आणि अशा व्यक्तीने मागितल्यास मंडळाने आपल्याजवळील संबंधित अहवाल तिला द्यावेत असेही त्यात घालण्यात आले. सार्वजनिक हिताच्या कारणास्तव ते नाकारण्याची मुभा मात्र मंडळास आहे. हा हक्क गावागावांत किती जणांना ठाऊक आहे हा प्रश्न निराळा.

नागरिकांची फिर्याद कशासाठी लागते हे दक्षिण कॅरोलायना राज्यातील एका खटल्यावरून फार स्वच्छ दिसते. रोबक या गावी लेडलॉ कंपनीची घातक कचरा जाळण्याची भट्टी होती व तिचे सांडपाणी नॉर्थ टायगर नदीत जात असे. १९८७ ते १९९५ या काळात परवान्यातील पाऱ्याची मर्यादा ४८९ वेळा ओलांडली गेली. १९९२ साली नागरिकांच्या संस्थेने साठ दिवसांची नोटीस दिली. तेव्हा कंपनीने राज्याच्या खात्याला विनंती केली की, आमच्यावर तुम्हीच फिर्याद करा. खात्याने ती मान्य केली. फिर्यादीचा मसुदा कंपनीच्याच वकिलाने तयार करून दिला, न्यायालयाचे शुल्कही त्यानेच भरले, आणि नोटिशीची मुदत संपण्यापूर्वीच्या अखेरच्या दिवशी एक लाख डॉलर दंड व यापुढे मर्यादा पाळण्याचा सर्व प्रयत्न करण्याचे आश्वासन एवढ्यावर खात्याने तडजोड केली. चोरानेच पंचनामा लिहून द्यावा आणि पाटलाने त्यावर अंगठा उठवावा, असा हा प्रकार होता. केंद्रीय न्यायालयाने हा खटला नेटाने चालविलेला नाही असे ठरवून नागरिकांची फिर्याद दाखल करून घेतली आणि पुढे ४,०५,८०० डॉलर दंड बसविला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पाऱ्यामुळे नदीची हानी झाल्याचे सिद्ध झालेले नाही, मग या लोकांना फिर्यादीचा हक्क काय, असा कंपनीचा सवाल होता. २००० साली न्यायालयाने उत्तर दिले की, नदीची हानी किती झाली हा प्रश्नच नाही. ज्या लोकांनी वाजवी भीतीपोटी त्या नदीत पोहणे, मासे धरणे, काठाने फिरणे सोडून दिले त्यांची हानी झालेली आहे, आणि तेवढी फिर्यादीस पुरे आहे.

व्हर्जिनिया राज्यातील पेगन नदीची हकीकत याहून लांबलेली आहे. तेथील ग्वॉल्टनी या डुकराच्या मांसाच्या कारखान्याने १९८१ ते १९८४ या काळात परवान्याच्या मर्यादा वारंवार मोडल्या. त्याचे शेवटचे उल्लंघन १९८४ च्या मे महिन्यातील होते आणि नागरिकांची फिर्याद जूनमध्ये दाखल झाली. कायद्याचे शब्द वर्तमानकाळी असल्याने, संपूर्णपणे होऊन गेलेल्या उल्लंघनाबद्दल नागरिकाला फिर्याद करता येत नाही, उल्लंघन चालू आहे असे त्याने प्रामाणिकपणे म्हणावयास हवे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिला. व्याकरणाच्या एका काळावर लाखो डॉलरांचा दंड अवलंबून राहिला! खटला परत खाली गेला तेव्हा नत्राच्या बाबतीत पुन्हा उल्लंघन होण्याचा संभव होता असे आढळले व २,८९,८२२ डॉलरांचा दंड कायम झाला. क्लोरीनच्या बाबतीतील ९,९५,५०० डॉलर मात्र गळले.

ग्वॉल्टनीचा मालक झालेल्या स्मिथफील्ड कंपनीच्या कारखान्यांनी पुढेही त्याच नदीत स्फुरद व इतर द्रव्ये मर्यादेबाहेर सोडली. राज्याच्या मंडळाने तिला आदेशामागून आदेश देऊन मुदत वाढवून दिली होती. आम्हाला राज्याने सवलत दिली आहे, असे कंपनीचे म्हणणे. परवाना रीतसर बदललेला नाही आणि तो आहे तसाच बंधनकारक आहे, असे केंद्र सरकारचे म्हणणे. १९९७ साली न्यायालयाने केंद्राची बाजू मान्य करून १ कोटी २६ लाख डॉलर दंड ठोठावला. या कायद्याखाली तोपर्यंत झालेला तो सर्वांत मोठा दंड होता. सांडपाण्याची यंत्रणा चालविणाऱ्या नोकराला खोट्या नोंदी केल्याबद्दल वेगळ्या फौजदारी खटल्यात तुरुंगात जावे लागले. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. हा सर्व पैसा वॉशिंग्टनच्या खजिन्यात गेला. पेगन नदीच्या वाट्याला त्यातून काही येईल अशी सोय कायद्यात नव्हती. दंडाने पुढचा धाक बसतो हे खरे, परंतु बिघडलेल्या नदीला नुसत्या धाकाने गुण येत नाही, आणि कायद्यातील ही उणीव अजून तशीच आहे.

गेल्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याची कक्षा काही बाजूंनी आखडती घेतली आहे. २०२० साली हवाई बेटांतील माउई येथील प्रकरणात मात्र ती रुंदच राहिली. तेथे शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी, दिवसाला सुमारे चाळीस लाख गॅलन, विहिरींतून जमिनीत सोडले जाई आणि भूगर्भातून अर्धा मैल वाहत समुद्रास मिळे. नळ सरळ समुद्रात सोडण्यासारखाच ज्याचा परिणाम, त्यालाही परवाना लागतो, असे न्यायालयाने सांगितले. जमिनीत मुरविले म्हणजे सुटलो, हा युक्तिवाद तेथे टिकला नाही. उलट २०२३ साली आयडाहो राज्यातील एका दांपत्याच्या प्रकरणात, ज्या पाणथळ जमिनीचा बारमाही जलप्रवाहाशी पृष्ठभागावरून अखंड संबंध नाही ती केंद्राच्या कायद्याबाहेर, असे ठरले. २०२५ च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय झाला की, ज्यात पाणी सोडावयाचे त्या जलाशयाचा दर्जा अमुक राहिलाच पाहिजे, अशी मोघम अट परवान्यात घालता येणार नाही. परवानाधारकाने नेमके काय करावयाचे ते सरकारनेच लिहून दिले पाहिजे. नदीकडून मागे जाऊन अपराधी शोधण्याची १९४८ ची रीत काँग्रेसने १९७२ साली सोडून दिली होती, या गोष्टीचा न्यायालयाने आधार घेतला. हा तर्क चुकीचा म्हणवत नाही. पण दहा नळांपैकी प्रत्येक नळ आपापल्या आकड्याच्या आत आहे आणि नदी मात्र घाण आहे, अशी अवस्था झाली तर जाब कोणाला विचारावयाचा? आकडे ठरविणारे अधिकारी कामसू व निःस्पृह असले तरच ही रीत चालेल.

आता शेतीकडे वळावे. या कायद्यातील ठरावीक मुखाची व्याख्या ऐसपैस आहे. नळ, पाट, चर, बोगदा, विहीर, जमिनीतील भेग, वाहनावरील टाकी आणि जनावरे दाटीने कोंडून पाळण्याचा मोठा गोठा, इतके सर्व तीत येते. परंतु १९७७ च्या दुरुस्तीने ओलिताच्या शेतातून परत वाहणारे पाणी आणि १९८७ च्या दुरुस्तीने शेतावरून वाहणारे पावसाचे पाणी त्यातून वगळले. पाऊस कोणाच्या ताब्यात नसतो आणि प्रत्येक शेतकऱ्याला बांधावर परवाना घेऊन उभे करणे शक्यही नाही, हे उघड आहे. सवलत वाजवी होती. मात्र सवलतीची सीमा कोठे संपते, हे न्यायालयांना वेळोवेळी सांगावे लागले.

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातील साउथव्ह्यू नावाच्या दुग्धशाळेचा खटला या दृष्टीने प्रत्येक पशुपालकाने समजून घेण्याजोगा आहे. तेथे सुमारे १,३०० मोठ्या गाई आणि त्याखेरीज शेकडो कालवडी-वासरे होती. जमीन सुमारे १,१०० एकर. गाई चरावयास सुटत नसत. गोठ्यातील शेणमूत धुऊन होणारा शेणकाला मोठ्या तळ्यांत साठवीत आणि टाक्यांच्या गाड्यांनी व नळांनी शेतांवर पसरीत. कागदावर हे उत्तम शेतीचेच काम आहे. शेणखत शेतात जावे याहून चांगले काय? परंतु जमिनीला पेलेल त्याहून जास्त शेणकाला तिच्यावर ओतला गेला, तो ओघळींतून आणि चरांतून खाली उतरला, आणि जेनेसी नदीला मिळणाऱ्या ओढ्यात गेला. शेजाऱ्यांनी फिर्याद केली. ज्यूरीने पाच उल्लंघने मान्य केली. कनिष्ठ न्यायाधीशाने ती रद्द केली. १९९४ साली अपील न्यायालयाने ज्यूरीचा निर्णय पुन्हा कायम केला. पाऊस पडत असताना शेणकाला वाहिला म्हणून तो पावसाचे पाणी होत नाही, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. प्रश्न पाऊस होता की नव्हता हा नाही. जमीन आधीच तुडुंब केली होती काय, हा आहे. एवढेच नव्हे, तर शेणकाला पसरणारी गाडी हेही ठरावीक मुखच आहे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

शेतात खत किती घालावे हे पिकाची गरज आणि जमिनीची धारणशक्ती पाहून ठरवावे, असे कृषि खाते अनेक वर्षे सांगत आले आहे. त्या सल्ल्याला येथे न्यायालयाने कायद्याची किंमत आणून दिली. पुढे २००५ साली दुसऱ्या एका प्रकरणात त्याच अपील न्यायालयाने हेच तत्त्व अधिक नेमके केले. पिकाच्या अन्नद्रव्यांचा हिशेब करून, योजना आखून शेणखत दिले आणि तरीही पावसाने त्यातील काही वाहून नेले, तर ते सवलतीत बसते. मोठ्या गोठ्यांच्या बाबतीत मात्र ती योजना परवान्याचाच भाग असली पाहिजे आणि लोकांना पाहता आली पाहिजे. त्याच निर्णयात, प्रत्यक्षात काही सोडत नसलेल्या गोठ्यावर परवान्याची सक्ती करता येणार नाही, असेही ठरले. म्हणजे शेतकऱ्यांचा एक मोठा आक्षेप मान्य झाला. निकाल दोन्ही पक्षांना अर्धा-अर्धा रुचला असावा.

यानंतर आयोवा राज्यातील प्रकरण सांगावयाचे आहे, आणि तेच सर्वांत अवघड आहे. आयोवा म्हणजे मक्याचे आणि सोयाबीनचे राज्य. काळी, सपाट, ओल धरून ठेवणारी जमीन असल्याने तेथे शेताखालून निचऱ्याच्या नळ्या घातलेल्या असतात. सांगली-कोल्हापूर भागात क्षारपड जमीन सुधारण्यासाठी सच्छिद्र नळ्या घालतात, त्याच जातीचा हा निचरा. फरक इतकाच की तेथे तो कित्येक पिढ्यांपूर्वीपासून आणि फार मोठ्या क्षेत्रावर आहे. या नळ्यांमुळे दलदलीची जमीन जगातील उत्तम शेतजमीन झाली. परंतु नत्राचे नायट्रेट हे रूप मातीच्या कणांस धरून राहत नाही. ते पाण्याबरोबर खाली उतरते, नळ्यांत येते, नळ्यांतून चरांत आणि चरांतून नदीत जाते. मका लहान असताना, किंवा पीक निघाल्यावर शेत मोकळे असताना, पाऊस झाला की हा नत्र नदीच्या वाटेला लागतो.

खाली नदीकाठी डी मॉइन हे राजधानीचे शहर आहे. त्याच्या पाणीपुरवठा मंडळाला सुमारे पाच लाख लोकांना पाणी द्यावे लागते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटच्या रूपातील नत्र लिटरला दहा मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये, अशी केंद्राची मर्यादा आहे. कारण बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांच्या रक्तात त्यामुळे प्राणवायू वाहण्याची शक्ती उरत नाही आणि मूल निळे पडते. नदीचे पाणी त्या मर्यादेच्या वर जाऊ लागल्याने मंडळाने १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांतच नायट्रेट काढण्याचे मोठे यंत्र उभारले. २०१३ साली रकून नदीच्या पाण्यात हा आकडा वीस मिलिग्रॅमच्याही पुढे गेला. २०१५ च्या मार्चमध्ये मंडळाने सॅक, ब्यूना व्हिस्टा आणि कॅल्हून या वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांवर, त्यांच्या ताब्यातील निचरा-विभागांच्या विश्वस्त या नात्याने, केंद्रीय न्यायालयात फिर्याद केली. शेतावरून वाहणारे पावसाचे पाणी वेगळे आणि नळीच्या तोंडातून बाहेर पडणारे भूमिगत पाणी वेगळे. दुसऱ्याला मुख आहे, म्हणून त्याला परवाना हवा, असा मंडळाचा युक्तिवाद होता.

हा प्रश्न फार मूलगामी होता. त्याचे उत्तर मिळालेच नाही. आयोवाच्या कायद्याप्रमाणे निचरा-विभागांना पाणी काढून देण्यापलीकडे काही करण्याचा अधिकार नाही आणि त्यांच्याकडून नुकसानभरपाई वसूल करता येत नाही, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या जानेवारीत सांगितले. ज्यांना उपाय करण्याचा अधिकारच नाही त्यांच्याविरुद्ध हुकूम देऊन काय साधणार, असे म्हणून केंद्रीय न्यायाधीशाने मार्चमध्ये फिर्याद काढून टाकली आणि धोरणाचे गाऱ्हाणे राज्याच्या विधिमंडळापुढे नेण्यास सुचविले. नळीचे तोंड हे कायद्याच्या दृष्टीने मुख आहे की नाही, हे तसेच अधांतरी राहिले.

शेतकऱ्यांच्या बाजूने हा विजय म्हणून साजरा झाला. तो शेतकऱ्यांच्या हिताचा होता काय, याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. खटला चालू असता दोन वर्षे गाव आणि शहर एकमेकांचे वैरी झाले. शहरातील माणसाला वाटे की शेतकरी आपल्या मुलांचे पाणी नासवितो. शेतकऱ्याला वाटे की शहराला अन्न हवे, पण अन्न पिकविणारा नको. दोघांजवळही पुरता पुरावा नव्हता, कारण नळीच्या तोंडाशी कोणी नियमाने नमुना घेतलेलाच नव्हता. मंडळाने काही तोंडांशी घेतलेल्या नमुन्यांत मर्यादेच्या तिपटीहून अधिक नायट्रेट आढळले, असे फिर्यादीत म्हटले होते. परंतु कोणत्या शेतातून, कोणत्या महिन्यात, कोणत्या खताच्या मात्रेवर किती नत्र जातो, याची नोंद ठेवण्याचे कोणावरच बंधन नव्हते. कारखान्याला त्याच्या सहीचा कागद अडकवितो हे खरे. पण तोच कागद निर्दोष कारखान्याला सोडवितोही. आयोवाच्या शेतकऱ्याजवळ असा सोडविणारा कागद नव्हता. ज्याने रायसारखे आच्छादन पीक घेऊन नत्र अडविला तो आणि ज्याने हिवाळ्यापूर्वीच सगळे खत ओतून टाकले तो, लोकांच्या नजरेत सारखेच दोषी ठरले. यातील अन्याय पहिल्या शेतकऱ्यावर झाला, आणि तो सवलतीनेच केला.

राज्याने २०१३ साली अन्नद्रव्ये घटविण्याचे धोरण जाहीर केले आहे. शेतजमिनीतून जाणारा नत्र ४१ टक्क्यांनी कमी करावा असे त्यात उद्दिष्ट आहे आणि ते शेतकऱ्यांच्या स्वेच्छेवर सोडलेले आहे. उपायही माहीत आहेत: आच्छादन पीक, खताची मात्रा विभागून देणे, नळीचे पाणी लाकडाच्या चुऱ्याने भरलेल्या चरातून काढणे, ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखणे. हे सर्व चांगले आहे. तथापि २०२५ च्या जून महिन्यात डी मॉइन भागातील लोकांना हिरवळीला पाणी घालण्याची बंदी करावी लागली. नायट्रेट काढण्याची यंत्रे पूर्ण चालवूनही मागणीइतके शुद्ध पाणी पुरविता येत नव्हते. स्वेच्छेच्या धोरणाला तोवर बारा वर्षे झाली होती.

तेथील शेतावर परवान्याची सक्ती करावी असा याचा अर्थ करू नये. पावसावर परवाना घालणे हास्यास्पद होईल आणि लहान शेतकरी वकिलांच्या शुल्कानेच बुडेल. परंतु निचऱ्याच्या सामाईक नळीच्या तोंडाशी नमुना घेणे हे काम पोलिसाचे नाही, कृषि विस्ताराचे आहे. ते माती-परीक्षणाइतकेच साधे आहे. महिन्यातून दोनदा आणि मोठ्या पावसानंतर एकदा नमुना घ्यावा, निकाल त्या निचऱ्यातील सर्व शेतकऱ्यांस कळवावा, आणि कोणाच्या शेतात काय केल्याने आकडा उतरला हे त्यांनी आपसांत पाहावे. दंड नसला तरी चालेल. नोंद नसून चालणार नाही.

महाराष्ट्रातील ग्रामसेवक आणि कृषि सहायक यांना याच्याशी मिळतीजुळती एक गोष्ट नेहमी अनुभवास येते. ओढ्यात एकाएकी काळे पाणी आले की शेतकरी बाटली भरून ती तालुक्याला घेऊन जातो, आणि त्या बाटलीचे पुढे काही होत नाही. १९७४ च्या अधिनियमाप्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने नमुना घेताना कारखान्याच्या माणसाला त्याच ठिकाणी नोटीस द्यावी लागते. नमुन्याचे दोन भाग करून ते मोहोरबंद करावे लागतात आणि त्यांवर दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात. कारखान्याचा माणूस मुद्दाम गैरहजर राहिला किंवा त्याने सही नाकारली तर काय करावयाचे, हेही कलमातच सांगितलेले आहे. ही रीत पाळली नाही तर अशा नमुन्याच्या पृथक्करणाचा अहवाल न्यायालय पुराव्यात घेत नाही. शेतकऱ्याची बाटली पुरावा होत नाही, पण तिची तारीख, वेळ, जागा, पाण्याचा रंग व वास, आणि त्या वेळी कोणता नळ वाहत होता, हे गावाच्या एका वहीत त्याच दिवशी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, तर मंडळाने कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि कोणत्या तोंडाशी येऊन नमुना घ्यावा हे अर्जात नेमके सांगता येते. रात्री अकराला सुटणारे पाणी सकाळी दहाला आलेल्या अधिकाऱ्याला सापडत नाही.